चित्रपट्टीतील संदर्भ ओळखण्याची रीत: आधी तारीख, चेहरा सर्वांत शेवटी

वर्तमानपत्रातील चित्रपट्टीत एखादा अनोळखी पाहुणा, एखादी विचित्र टोपी किंवा कारण न कळणारा विनोद दिसला, की आपण आधी नाव घेतो आणि मग त्या नावाला आधार शोधत बसतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका घरी दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जुनी कात्रणे घेऊन जमतो. तिथे चुकलेल्या ओळखी मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत आणि ती वही चाळताना लक्षात येते, की ज्याला पात्रांची नावे सर्वांत जास्त पाठ आहेत तोच सर्वांत आधी चुकतो, कारण त्याला थांबण्याची गरज वाटत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, आणि एखादा टप्पा निष्फळ जाणार असे वाटले तरी तो वगळू नये.

येथे चित्रपट्टी म्हणजे दोन-चार चौकटींची रोजची पट्टी आणि रविवारची मोठी रंगीत पट्टी, एवढेच अभिप्रेत आहे. एका चौकटीचे राजकीय व्यंगचित्र हा निराळा प्रकार असून त्याचा उल्लेख फरक दाखवण्यापुरताच येईल.

पूर्वतयारी

साहित्य फारसे लागत नाही. एक बऱ्यापैकी भिंग, मऊ शिसपेन्सिल, कात्री, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे आणि एक वही पुरते. वहीच्या प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डाव्या बाजूला ‘दिसते’ आणि उजव्या बाजूला ‘वाटते’ असे लिहावे. ‘मिशा असलेला, टोपी घातलेला हडकुळा कुत्रा’ हे डावीकडे जाते आणि ‘स्नूपीने वेष पालटला आहे’ हे उजवीकडे (स्नूपी हा ‘पीनट्स’ या अमेरिकी पट्टीतला कुत्रा). पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत उजवी बाजू कोरी राहिली पाहिजे. हा नियम पोरकट वाटतो, पण आमच्या बैठकीतील निम्मे वाद त्याने मिटले.

कात्रण वहीत चिकटवायचे असल्यास पिठाची पातळ खळ वापरावी. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि नेमक्या कडेच्या बारीक अक्षरांवर डाग पाडते. मोबाइलने छायाचित्र घ्यायचे असेल तर दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून आणि चौकटींमधल्या मोकळ्या पट्ट्यांसकट घ्यावे, कारण तारीख आणि हक्कांची (कॉपीराइटची) ओळ बहुधा तिथेच दडलेली असते.

१. कात्री लावण्यापूर्वीची नोंद

पट्टी कापण्याआधी वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि ती मुख्य अंकात होती की पुरवणीत, हे लिहून घ्यावे. पट्टी कापून अंक पस्तीत टाकला (आम्ही बडोदेकर रद्दीला पस्तीच म्हणतो), की ही माहिती परत मिळत नाही.

पस्तीवाल्याकडून सुटे कात्रणच हाती आले असेल, तर ते उलटून मागची बाजू वाचावी. मागे सिनेमाच्या खेळांची यादी, निविदा, परीक्षेचा निकाल किंवा दुकानाची जाहिरात असते. जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक किती आकडी आहे एवढ्यावरूनही काळाचा अंदाज येतो. माझ्याकडच्या एका बिनतारखेच्या कात्रणाच्या मागे रावपुऱ्यातल्या एका कापड दुकानाची अर्धी जाहिरात आहे. तिच्यात वर्ष नाही, पण दिवाळीच्या सवलतीची मुदत वारासकट दिली आहे, आणि वार व तारीख जुळवून पाहिल्यावर जुळणारी वर्षे दोन-तीनच उरली.

तपासणी: कात्रणाची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली आहेत ना? मागची बाजू खळीखाली गेल्यावर तिचा उपयोग उरत नाही.

२. पट्टीची खरी तारीख ठरवणे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. एका पट्टीला तीन तारखा असतात: चित्रकाराने ती काढली तो काळ, ती प्रथम प्रसिद्ध झाली तो दिवस, आणि तुमच्या हातातल्या वर्तमानपत्रात ती छापली गेली तो दिवस. आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांत येणाऱ्या बहुतेक परदेशी पट्ट्या सिंडिकेटमार्फत, म्हणजे एकच पट्टी अनेक वर्तमानपत्रांना विकणाऱ्या संस्थेमार्फत येतात. त्या उशिरा किंवा पुनर्मुद्रण म्हणूनही छापल्या जातात, त्यामुळे अंकाच्या शिरोभागी असलेली तारीख ही पट्टीची तारीख मानता येत नाही.

भिंग घेऊन चौकटींमधली जागा, खालची कड आणि सहीचा कोपरा पाहावा. अमेरिकी पट्टीत तिथे दोन आकडे असतात, आणि त्यात महिना आधी, दिवस नंतर लिहिलेला असतो. आपल्या सवयीने ते उलटे वाचले जातात. मी स्वतः ‘७-४’ अशी नोंद असलेली एक पट्टी ७ एप्रिलची धरली; तिच्यात आतषबाजी होती, आणि एप्रिलमध्ये फटाके कसले, या विचारात आठवडाभर घालवून मी शेवटी त्याखाली ‘दिवाळीनिमित्त पुनर्मुद्रण’ असे लिहून मोकळा झालो. ती ४ जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची पट्टी होती. दुसरा आकडा बाराहून मोठा असेल तर संशय राहत नाही. तो बारा किंवा त्याहून लहान असेल तर त्याच पट्टीची मागची-पुढची कात्रणे शेजारी ठेवून कोणता आकडा रोज वाढतो ते पाहावे.

उलट्या वाचनाने केवढे नुकसान होते त्याचे माझे आवडते उदाहरण ‘४-१’ हे आहे. १ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील ४६ चित्रकारांनी आपापसांत पट्ट्यांची अदलाबदल करून एकमेकांची पात्रे काढली. त्या दिवसाचे एखादे कात्रण ४ जानेवारीचे समजले, तर पात्रे ओळखीची आणि रेषा मात्र अनोळखी का, हे कोडे सुटत नाही आणि चित्रकार बदलल्याचा निष्कर्ष आपण छातीठोकपणे काढतो. तारीख नीट वाचली तर एप्रिल फूल हे उत्तर अर्धे समोर येते.

हक्कांच्या ओळीतले वर्ष उपयोगी असते, पण एकट्या त्यावर विसंबू नये. बिल वॉटरसन यांनी ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’पासून मे १९९१ ते जानेवारी १९९२ आणि एप्रिल ते डिसेंबर १९९४ अशा दोन मोठ्या रजा घेतल्या, आणि त्या काळात वर्तमानपत्रांना जुन्या पट्ट्या पुन्हा पुरवल्या गेल्या. ती मालिका ३१ डिसेंबर १९९५ रोजी संपली. ‘पीनट्स’ची शेवटची नवी पट्टी १३ फेब्रुवारी २००० ची, तिचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीची, त्यानंतर ‘पीनट्स’ या नावाने वर्तमानपत्रात जे दिसते ते सारे पुनर्मुद्रण आहे. त्यामुळे २०१० सालच्या अंकातल्या चार्ली ब्राउनमध्ये, म्हणजे ‘पीनट्स’मधल्या मुख्य मुलामध्ये, २०१० सालची घटना शोधणे म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडी नवी बातमी घालणे होय.

सावधान: रोजची पट्टी प्रसिद्धीच्या कित्येक आठवडे आधी काढून द्यावी लागते, आणि रविवारची रंगीत पट्टी त्याहूनही आधी. म्हणून परवाच घडलेल्या घटनेचा संदर्भ अशा पट्टीत दिसला, तर तो बहुतेक वेळा योगायोग असतो. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘यू सेड इट’सारख्या एका चौकटीच्या चित्रासाठी मात्र आदल्या दिवशीचे पहिले पान चाळणे योग्य ठरते. दोन्ही प्रकार एकाच पानावर छापले जातात म्हणून एकाची रीत दुसऱ्याला लावू नये.

आणखी एक सावधगिरी खास आपल्या शहरासाठी. चार्ली ब्राउनच्या हातात पतंग दिसला, की बडोद्याचा माणूस डोळे मिटून उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण म्हणतो. तिकडे पतंग वसंतातल्या वाऱ्यावर, मार्चच्या आसपास उडवतात. १४ जानेवारीशी त्यांचा संबंध नाही. ऋतू आणि सण ओळखताना पट्टी जिथे घडते तिथले पंचांग लावावे. तेच ‘चिंटू’बाबतही खरे आहे. २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या या पट्टीतले सण, शाळा आणि सुट्ट्या महाराष्ट्राच्या आहेत, गुजरातच्या शाळांचे वेळापत्रक तिला लागू पडत नाही.

तपासणी: वहीच्या डाव्या बाजूला आता तीन तारखांसाठी तीन ओळी असाव्यात. जी ठरली नाही तिच्यासमोर प्रश्नचिन्ह द्यावे, पण ओळ गाळू नये.

३. पट्टी पूर्ण आणि मूळ रूपात आहे का

रविवारच्या पट्टीची वरची ओळ अनेकदा अशी रचलेली असते, की जागा कमी पडली तर वर्तमानपत्राला ती काढून टाकता यावी. चित्रकारही हे जाणून तिथे मुख्य विनोदाशी सैल संबंध असलेली गंमत ठेवतात, आणि दुसऱ्या पट्टीला दिलेली दाद पुष्कळदा याच जागी असते. तुमच्या कात्रणात ही ओळ नसेल तर खालच्या चौकटींतील एखादा उल्लेख लोंबकळत राहतो. तो सुटत नाही म्हणून नवे नाव रचण्याऐवजी ‘वरची ओळ नाही’ असे लिहावे.

मराठी-हिंदी-गुजराती भाषांतरांत दुहेरी अडचण असते. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ (१९६४ ते १९९०) वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला वेताळाचा (इंग्रजीतल्या ‘फँटम’चा) देश देंकाली म्हणूनच ठाऊक आहे. मूळ पट्टीत तो बंगाला आहे, आणि समुद्री चाच्यांच्या ज्या टोळीला आपण ‘सिंगा’ म्हणून ओळखतो ती मुळात ‘सिंग’ टोळी होती. भारतीय वाचकांना ही नावे खटकू नयेत म्हणून ती बदलली गेली. आता एखाद्या इंग्रजी पट्टीत बंगाला हा शब्द आला, की आमच्यातला कोणी तरी तो बंगालचा संदर्भ आहे असे सांगतो. शिवाय दैनिकाची पट्टी पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटींची मांडणी बदलते. म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ इंग्रजी पट्टी शेजारी ठेवावी, आणि ती नसेल तर भाषांतरातील कोणत्याही विशेषनामावर संदर्भ उभा करू नये.

रंगाचेही तेच. वेताळाचा पोशाख मूळ रविवारच्या पट्टीत जांभळा आहे, इटलीत तो लाल छापला गेला आणि स्कँडिनेव्हियात निळा. रंग ही छापखान्याची निवड असू शकते; ती पात्राची ओळख नव्हे.

४. नेहमीच्या पात्रांची हजेरी

पाहुणा ओळखण्याआधी घरची माणसे मोजून घ्यावीत. त्या पट्टीची निदान पंधरा-वीस लागोपाठची कात्रणे पाहून पात्रांची यादी करावी, आणि प्रत्येकापुढे न बदलणारी एक खूण लिहावी: ‘बीटल बेली’ पट्टीतल्या आळशी सैनिक बीटलचे डोळे टोपीखाली झाकलेले, चार्ली ब्राउनच्या सदऱ्यावर नागमोडी पट्टा, वेताळाच्या उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी. केस, कपडे आणि उंची या खुणा धरू नयेत, कारण त्या बदलतात.

या यादीत तीन ठिकाणी हमखास घसरायला होते.

पहिले म्हणजे काळानुसार बदललेले रूप. ऑक्टोबर १९५० मधला स्नूपी चार पायांवर चालणारे साधे पिल्लू आहे. नंतरचा दोन पायांवर उभा राहणारा, घराच्या छपरावर झोपणारा स्नूपी डोक्यात ठेवून पाहिले, तर जुन्या पट्टीतला कुत्रा परका वाटतो. उलट, जो खरोखर वेगळा आहे तो स्नूपीच वाटतो: वर सांगितलेला मिशा आणि टोपीवाला हडकुळा कुत्रा म्हणजे त्याचा भाऊ स्पाइक, जो १९७५ मध्ये आला आणि कॅलिफोर्नियातल्या नीडल्स गावाजवळच्या वाळवंटात निवडुंगांच्या सोबतीने राहतो. वेताळाच्या बाबतीत रे मूर, विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी या तिघांच्या रेषा इतक्या भिन्न आहेत, की एकाच्या चित्रावर वाढलेल्या वाचकाला दुसऱ्याचा वेताळ तोतया वाटावा.

दुसरे म्हणजे नातेवाईक. ‘हाय अँड लोइस’मधली लोइस ही बीटल बेलीची सख्खी बहीण आहे, १९५४ मध्ये ती पट्टी बीटलच्याच पट्टीतून फुटून निघाली. म्हणून एकाच्या घरी दुसरा दिसला तर तो पाहुणा म्हणून न मोजता भाऊ घरी आला असे समजावे. जादूगार मँड्रेक आणि वेताळ हे दोघेही ली फॉक यांचीच निर्मिती असल्याने १९७७ मधल्या वेताळाच्या लग्नाला मँड्रेकने हजेरी लावली, हेही घरचेच आमंत्रण होते.

तिसरे म्हणजे सारखी नावे आणि बदललेली नावे. ‘डेनिस द मेनेस’ या नावाची दोन स्वतंत्र पोरे मार्च १९५१ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जवळजवळ एकाच वेळी जन्माला आली: हँक केचम यांचा सोनेरी केसांचा अमेरिकी डेनिस दैनिकांत, आणि काळ्या उभ्या केसांचा ब्रिटिश डेनिस ‘द बीनो’ या साप्ताहिकात. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे लिहू नये. खलाशी पॉपाय तर स्वतःच्या पट्टीत दहा वर्षे उशिरा आला. ‘थिंबल थिएटर’ १९१९ मध्ये सुरू झाली आणि तो १९२९ मध्ये त्यात शिरला. पट्टीचे वय आणि पात्राचे वय वेगवेगळे लिहावे.

पट्टीत काळ पुढे सरकतो की नाही, हेही येथेच ठरवावे. चिंटू मोठा होत नाही. ‘गॅसोलिन अ‍ॅली’मध्ये १९२१ साली दारात सापडलेले बाळ मात्र वाचकांच्या बरोबरीने वाढत गेले. ‘गारफिल्ड’ मधला मार्ग काढतो: मांजर तेच राहते, पण दर १९ जूनला त्याचा वाढदिवस साजरा होतो. पट्टीत किती वर्षे पूर्ण झाली हे सांगितले असेल, तर तो आकडा १९७८ मध्ये मिळवला की वर्ष हाती येते. पंचविसावा वाढदिवस असेल तर साल २००३. एवढी सोपी किल्ली इतर पट्ट्यांत क्वचितच मिळते.

५. विसंगतीची नोंद

आता पट्टीकडे पुन्हा पाहावे आणि नेहमीच्या यादीत न बसणारी प्रत्येक गोष्ट डावीकडे लिहावी, मग ती माणसाच्या रूपात असो, वस्तूच्या, वेषाच्या, अक्षरांच्या वळणाच्या किंवा रेषेच्या. मागच्या भिंतीवरचे चित्र, पुस्तकाची पाठ, दुकानाची पाटी आणि सहीशेजारचा एखादा जादा शब्द ही चार ठिकाणे भिंगाखाली घ्यावीत. एका कात्रणावर आम्ही तासभर वाद घातला आणि शेवटी उत्तर सहीशेजारी, दुसऱ्या चित्रकाराचे आभार मानणाऱ्या चार बारीक शब्दांत निघाले. ते कोणी वाचलेच नव्हते.

चेहराच शोधत राहू नये. ‘डून्सबरी’मध्ये गॅरी ट्रुडो यांनी अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांना पिसाच्या, अध्यक्ष बिल क्लिंटन यांना वॉफलच्या आणि राजकारणी न्यूट गिंगरिच यांना वात पेटलेल्या बॉम्बच्या रूपात दाखवले, तिथे माणूस नसतोच, हवेत तरंगणारी वस्तू बोलते. वॉल्ट केली यांच्या ‘पोगो’त १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे अर्कचित्र एका रानमांजराच्या रूपात आले, आणि हा चेहरा पुन्हा दिसला तर पट्टी बंद करू असे एका वर्तमानपत्राने कळवल्यावर केली यांनी त्या पात्राच्या डोक्यावर पिशवी चढवली. पिशवीमागे कोण, हे त्या आधीच्या पट्ट्या पाहिल्याशिवाय कळणे अशक्य आहे.

तपासणी: डाव्या बाजूच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ऐकणाऱ्याला पट्टी न पाहता चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले, तर नोंद पुरेशी आहे. आता उजव्या बाजूला हात घालावा.

६. संदर्भाचा प्रकार ठरवणे

नावाआधी प्रकार ठरवावा. दुसऱ्या पट्टीतला पाहुणा, दुसऱ्या चित्रकाराला वाहिलेली दाद, जगाच्या इतिहासातील घटना, वार्षिक सण, पट्टीचा स्वतःचा जुना प्रसंग आणि चित्रकाराच्या आयुष्यातील तपशील हे सहा प्रकार सहसा पुरतात. प्रकार चुकला तर पुढचा शोध चुकीच्या कपाटात होतो.

सप्टेंबर २००५ मध्ये ‘ब्लाँडी’ला ७५ वर्षे झाली तेव्हा इतर पट्ट्यांतील पात्रे मेजवानीला जमली होती. त्याचे एक कात्रण आमच्याकडे आले, आणि छापखान्यात दोन पट्ट्या एकमेकींत मिसळल्याचे आम्ही एकमताने ठरवून टाकले. एकाच पट्टीत अनेक घरचे पाहुणे दिसले, तर आधी वर्धापनदिन तपासावा. याउलट अनेक पट्ट्यांत एकाच दिवशी एकाच घरची पात्रे दिसली, तर ती श्रद्धांजली असण्याची शक्यता मोठी. २७ मे २००० रोजी शंभराहून अधिक पट्ट्यांनी शुल्झ यांची अशीच आठवण काढली. हे ओळखण्यासाठी एका पट्टीचे कात्रण पुरत नाही, त्या दिवसाचे अख्खे पान लागते, आणि म्हणूनच मी आता महत्त्वाच्या तारखांची पाने न कापता घडी करून ठेवतो.

काही वेळा दोन प्रकार एकावर एक बसलेले असतात. स्नूपी गॉगल लावून घराच्या छपरावर बसतो आणि लाल बॅरनशी लढतो, यात जगाचा इतिहास आहे: बॅरन म्हणजे पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन, जो २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला, आणि छप्पर म्हणजे ‘सॉपविथ कॅमल’ हे ब्रिटिश विमान. पण हा खेळ पट्टीत १० ऑक्टोबर १९६५ रोजी सुरू झाला आणि नंतर अनेक वर्षे परतत राहिला. त्यामुळे १९८० च्या पट्टीतला बॅरन हा मुख्यतः पट्टीचाच जुना प्रसंग असतो. दोन्ही लिहावेत, पण वेगवेगळ्या ओळींत.

चित्रकाराच्या आयुष्यातील तपशील सर्वांत मोहात पाडतात. चार्ली ब्राउनचे वडील न्हावी आहेत आणि शुल्झ यांचेही होते. स्पाइकचे नीडल्स हे गाव शुल्झ यांच्या बालपणातले. असे दोन-तीन धागे सापडले, की प्रत्येक झाड आणि प्रत्येक मुलगी आत्मचरित्रातून आली असे वाटू लागते. चित्रकाराने स्वतः मान्य केलेला किंवा चरित्रात नोंदलेला दुवा असेल तरच हा प्रकार लिहावा.

७. पडताळणी

नाव पक्के धरण्यासाठी दोन आधार लागतात: एक पट्टीच्या आतला आणि एक बाहेरचा. चेहऱ्यातील साम्य हा अर्धाच आधार समजावा. बाहेरचा आधार म्हणजे संकलनाचे पुस्तक, त्या दिवसाचे दुसरे वर्तमानपत्र किंवा सिंडिकेटचा संग्रह. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक पाहायला जायचे असेल, तर कोणत्या दैनिकाची कोणती वर्षे पाहायला मिळतील ते आधी विचारावे आणि दुसऱ्या टप्प्यातली तारीख कागदावर लिहून न्यावी. ‘साधारण ऐंशीच्या दशकातले’ अशी मागणी घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी धूळ झटकत परत येतो.

सावधान: मोबाइलवर फिरणाऱ्या पट्ट्या आधार म्हणून घेऊ नयेत. त्यांत फुग्यांतला मजकूर बदललेला असतो, आणि कॅल्व्हिन व चार्ली ब्राउन यांच्या वाट्याला हे फार येते. वॉटरसन आणि शुल्झ दोघेही अक्षरे हाताने काढत; एकच अक्षर दोन जागी तंतोतंत सारखे दिसले तर ते संगणकाचे आहे.

जाणकाराला विचारताना उत्तर सुचवू नये. ‘हा अमुक आहे ना?’ असे विचारले, की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘तुला यात काय वेगळे दिसते?’ असे विचारावे.

एक कात्रण, आरंभापासून शेवटपर्यंत

आमच्यातील एकाच्या अमेरिकेतील भाचीने ‘पीनट्स’चे एक कात्रण पाठवले. त्यात स्नूपीजवळ दाढीचे खुंट वाढलेले, थकलेले दोन सैनिक होते. पाकीट उघडताच ‘बीटल बेलीच्या छावणीतले’ असा आवाज उठला. आम्ही वही पुढे ओढली.

तारीख होती ११ नोव्हेंबर १९९८. दोन्ही आकडे सारखेच असल्याने महिना आधी की दिवस आधी हा घोळ येथे नव्हता, आणि मूळ प्रसिद्धीचेच कात्रण असल्याने पुनर्मुद्रणाचाही प्रश्न नव्हता. रोजची पट्टी, म्हणून वरची ओळ गळण्याचे कारण नाही. हजेरीत स्नूपी घरचा, सैनिक दोघेही परके. विसंगतीत सर्वांत ठळक नोंद रेषेची निघाली: सैनिकांवर दाट, खरखरीत छटा होती, तर शुल्झ यांची रेषा मोकळी आणि किंचित थरथरती. एकाच पट्टीत दोन हात दिसत होते. बीटलचे नाव येथेच गळले, कारण त्याच्या छावणीतले सैनिक आळस करतात, मार खातात, पण युद्धावर कधी जात नाहीत. हे दोघे तर खंदकातून उठून आल्यासारखे होते.

प्रकार ठरवताना सणाची बाजू आधी तपासली. अमेरिकेत ११ नोव्हेंबर हा माजी सैनिकांचा दिवस, आणि त्या दिवशी स्नूपी बिल मॉल्डिन यांच्या घरी रूट बीअर हे गोड पेय प्यायला जातो, हा शुल्झ यांनी अनेक वर्षे पाळलेला रिवाज. मॉल्डिन हे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या पत्रात व्यंगचित्रे काढत. त्यांना १९४५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि विली व जो हे थकलेले पायदळी शिपाई त्यांचीच पात्रे. शुल्झही त्याच युद्धात युरोपात होते. मॉल्डिन यांच्या संकलनातील चित्राशेजारी कात्रण ठेवले तेव्हा सैनिकांची रेषा जुळली. मग उजव्या बाजूला लिहिले: ‘विली आणि जो, रेखाटन मॉल्डिन यांचे, प्रकार: दाद, सण आणि पट्टीचा जुना रिवाज.’

नोंदीचा दर्जा

प्रत्येक ओळखीपुढे ‘पक्के’, ‘बहुधा’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द पेन्सिलीने लिहावा, आणि त्याखाली आधार कोणता ते एका ओळीत द्यावे. शाई वापरू नये. माझ्या वहीत ‘पक्के’ म्हणून शाईने लिहिलेल्या दोन नोंदी आज खोडलेल्या आहेत, आणि त्यांतली एक त्या ७ एप्रिलच्या फटाक्यांची आहे. ज्या कात्रणाचा उलगडा झाला नाही ते वेगळ्या पाकिटात ठेवावे, पाकिटावर फक्त डाव्या बाजूच्या नोंदी उतरवाव्यात, आणि नवा सभासद आला की सर्वांत आधी ते पाकीट त्याच्यापुढे ठेवावे, आपली मते न सांगता.